बस थांबवणारा थैला

मित्रांनो, मी एक जुना थैला आहे. माझी कहाणी कुणाला ऐकावीशी वाटेल का, याची मला खात्री नाही. कुंभारवाड्यातल्या एका घरात खुंटीला लटकणाऱ्या थैल्याने जहाजाच्या सहलीविषयी चार गोष्टी सांगाव्यात, हे जरा हसण्यासारखंच आहे. पण तो प्रवास मी केला आहे, आणि तिथे जी चूक झाली तिच्यात माझाही वाटा होता. म्हणून सांगतो.

माझा जन्म रामनगरच्या परशू शिंप्याकडे झाला. ट्रकवरून उतरवलेल्या ताडपत्रीचा तुकडा त्याने दुहेरी दोऱ्याने शिवला आणि दोराचे दोन बंद लावले. मला विकत घेतलं भिकाजींनी. ते तेव्हा जंगलात मजुरीला जात. झाडांवर नंबर घालायचा पांढरा रंग डब्यात थोडा उरला होता. त्याच रंगाने त्यांनी माझ्या पोटावर बायकोचं नाव लिहिलं, 'इंदुबाई भिकाजी, कुंभारवाडा.' ती अक्षरं अजून टिकून आहेत.

आमच्याकडे बस दिवसातून दोनदा येते. घरं जंगलात विखुरलेली, वाट लांबची. म्हणून इथली एक रीत आहे. ज्याला बसने जायचं असेल तो आपला थैला रस्त्याकडेच्या दगडावर आधीच ठेवून जातो आणि उरलेलं काम उरकून येतो. ड्रायव्हर थैला पाहतो, हॉर्न वाजवतो आणि माणूस पळत येईपर्यंत थांबतो. आजवर एकही बस मला मागे टाकून गेली नाही. माझ्या आयुष्यात मला मान मिळाला तो एवढाच, पण तो मोठा होता.

इंदुबाईंचा मुलगा सुदेश मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात पाव भाजतो. गेल्या वर्षी सात महिने तो घरी आला नव्हता. जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांना सवलतीत सहल मिळते, तशी त्याने आईवडिलांसाठी मिळवली. मुंबईहून निघायचं, एक दिवस गोव्याला थांबायचं आणि परत मुंबई. पण कामगारांना पाहुण्यांबरोबर बसून जेवता येत नाही. सुदेशने साहेबांकडे फार विनवणी केली, तेव्हा गोव्याच्या दिवशी संध्याकाळी एक तासाची परवानगी मिळाली. फक्त एक तास. इंदुबाई जाणार होत्या त्या तासासाठी.

"गोवा आपल्या घाटाखाली," भिकाजी म्हणाले. "तितं जायला मुंबईला कशाला जायचं? डोस्कं फिरलंय काय?"

"तिकीट मुंबईपास्नं हाय. तुमास्नी यायचं न्हाई तर ऱ्हावा म्हशीपाशी. मी जानार."

भिकाजी गुपचूप तयारीला लागले.

त्यांची पुतणी अंकिता रामनगरला तिकिटांच्या दुकानात काम करते. ती चाकांची नवी बॅग घेऊन आली. मला पाहून तिने नाक मुरडलं. "काकू, हा थैला नको गं. लोक हसतील."

"हसू देत. त्यास्नी काय म्हाईत, ह्यो बस थांबवतोय त्ये."

पण अंकिताने सांगितलेल्या गोष्टी खऱ्या निघाल्या, म्हणून तुम्हीही ऐका. मोठी बॅग बंदरावर ताब्यात घेतात आणि ती खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून गोळ्या, एक जोडी कपडे आणि ओळखपत्र हातातल्या थैल्यात ठेवावं. खोली मागायची तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध मागावी. तिथे हेलकावे कमी बसतात. आणि घरचं शिजवलेलं खाणं नेऊ नये, ते आत सोडत नाहीत.

शेवटची गोष्ट इंदुबाईंनी ऐकली नाही. सुदेशसाठी त्यांनी परसातलं कोनफळ उकडून, केळीच्या पानात बांधून माझ्या तळाशी लपवलं. मुंबईच्या बंदरावर मी तपासणीच्या यंत्रातून गेलो आणि कोनफळ बाहेर आलं. पहारेकऱ्याने ते पुढ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं.

"सात महिन्यांत पोराच्या तोंडाला मातीची चव लागली न्हाई," इंदुबाई एवढंच बोलल्या.

जहाजावर चढताना प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड घातलं. तेच खोलीची चावी, तेच ओळख. त्याशिवाय ना बाहेर पडता येतं ना आत येता येतं. इंदुबाईंना ते दाव्यासारखं वाटलं. "मी काय गाय हाय व्हय?" असं म्हणत त्यांनी ते काढलं आणि मोबाइलबरोबर माझ्यात टाकलं.

पहिल्या रात्री भिकाजींना बोट लागली. "यापरीस आपल्या म्हशीवर बसून गेल्यालं बरं," ते कण्हत म्हणाले. खोलीची साफसफाई करणाऱ्या माणसाने त्यांना वर मोकळ्या हवेत नेलं, लांबवर एकाच ठिकाणी नजर लावायला सांगितलं आणि आल्याचा तुकडा चघळायला दिला. तासाभरात बरं वाटलं. हेही लक्षात ठेवा.

सकाळी गोवा आलं. दाराखालून आलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'सर्वांनी साडेचारपर्यंत परत यावं.' इंदुबाईंची धाकटी बहीण केशर गोव्यात दिलेली. ती बंदराच्या फाटकाबाहेर भेटायला येणार होती. भिकाजी खोलीतच पडून राहिले. दुपारी इंदुबाई कार्ड दाखवून खाली उतरल्या, कार्ड पुन्हा माझ्यात टाकलं आणि फाटकाकडे जाणाऱ्या छोट्या बसशी आल्या. चढताना त्या थबकल्या. आपण परत यायच्या बाकी आहोत, हे एवढ्या मोठ्या जहाजाला कसं कळणार? मग त्यांनी जे जन्मभर केलं तेच केलं. जहाजाच्या शिडीजवळ एका खांबाशी मला ठेवलं आणि थोपटलं.

"ऱ्हा हितंच. मी आल्याबिगर सोडू नगंस त्याला."

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ज्याशिवाय जहाजावर परत येता येत नाही ते कार्ड माझ्या पोटात होतं. पण मी थैला आहे.

दोन तास कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मग एका पहारेकऱ्याने पाहिलं आणि शिट्टी वाजवली. माणसं मागे हटवली, माझ्याभोवती पिवळी पट्टी लागली, कुत्रा आला. त्याने माझ्यात नाक घातलं, इंदुबाईंच्या मशेरीच्या डबीशी पोचला आणि एकामागून एक तीन वेळा शिंकला. आयुष्यात मी कधी कुणाला भ्यायला लावलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्यांनी माझ्यावरचं नाव वाचलं आणि सुदेशला बोलावलं. तो पीठ लागलेल्या हातांनीच धावत आला. त्याच्यामागून, कर्ण्यावर बायकोचं नाव ऐकून घाबरलेले भिकाजी आले, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा. मला पाहताच सुदेशला सगळं समजलं.

"साहेब, यात भ्यायचं काही नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे बस थांबावी म्हणून असा थैला ठेवतात. आईनं जहाज थांबवलंय."

साहेब हसले नाहीत. "जहाज असं थांबत नाही. तीन वाजलेत. फाटकावर एक बाई कार्डाविना अडकली आहे, म्हणते की कार्ड थैल्यात आहे आणि थैला जहाजाची राखण करतोय. तू जाऊन घेऊन येऊ शकतोस. पण मग संध्याकाळचा तास आत्ताच संपेल. दुसरा मिळणार नाही."

सुदेशने क्षणभरही विचार केला नाही. मला खांद्यावर टाकलं आणि वडिलांचा हात धरून तो बसमध्ये चढला.

फाटकाशी इंदुबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी केशर. पहारेकरी उठायला सांगून थकला होता. "कार्ड येईल तवा उठीन," त्यांनी त्याला सांगितलं होतं. "कार्ड न्हाई आलं तर जहाजाच्या मागनं चालत जाईन, पन पोराला भेटल्याबिगर घरला जानार न्हाई."

"आये!"

त्यांनी वर पाहिलं. मुलगा पाहिला, मग त्याच्या खांद्यावर मला. सात महिन्यांनी भेटलेल्या मुलाला त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "अरं, त्याला तितनं कशाला उचललंस? जहाज जाईल की आता!"

केशर पदराआड हसू लागली. सुदेशने खाली बसून आईला परवानगीची गोष्ट सांगितली. संध्याकाळचं टेबल, पांढरं कापड, तिघांचं जेवण, सगळं गेलं होतं.  इंदुबाईंनी विचारलं, "आता किती वेळ हाय?"

"परत जायची बस येईस्तोवर. पाऊण तास."

"मग रडत कशाला बसायचं? केशर, काय आनलंयस सोड."

केशरने आणलेलं फडकं सोडलं. माहेरच्या बियाण्याचं कोनफळ, तिच्या दारातलं, उकडलेलं, वर मीठ आणि मिरची. फाटकाच्या बाहेर खायला कुणाची बंदी नव्हती. पिठाच्या हाताने सुदेश खात राहिला. भिकाजी एका चपलेवर उकिडवे बसून त्याच्याकडे पाहत राहिले. टेबल म्हणून त्यांनी मलाच मध्ये आडवं घातलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी इंदुबाई गळ्यात कार्ड घालून शिडी चढल्या. बरोबर साडेचारला शिडी उचलली. धक्क्यावर एक जोडपं धावत येताना दिसत होतं, हातात पिशव्या हलवत. जहाज त्यांच्यासाठी थांबलं नाही.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. तळाची शिवण उसवली आहे. गावातलं कुणी सहलीला निघालं की इंदुबाई मला खाली काढून दाखवतात आणि ठासून सांगतात, "कार्ड गळ्यात, गोळ्या हातात, आनि कागदावरच्या वेळेच्या आदी अर्धा तास परत."

बसच्या दगडावर मात्र त्या अजून मला ठेवतात. आधी कार्ड नाही ना, मोबाइल नाही ना, ते चाचपून बघतात. मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. माझी शिवण कुणीतरी दुरुस्त करा, आणि ओळखीच्या वाटेवर मला खुशाल एकटा ठेवा. अनोळखी धक्क्यावर मात्र खांद्यावर घ्या. माझ्यासाठी बस थांबते, कारण ड्रायव्हर इंदुबाईंना ओळखतो. थांबवायची ताकद माझ्या अंगात कधीच नव्हती. हे कळायला मला समुद्रापर्यंत जावं लागलं.