कागदावरचा मालक

ऋतिकाने पॉलिसीचं पान उलटून टेबलावर ठेवलं आणि पेनाचं टोक एका ओळीखाली टेकवलं. ज्ञानदेव वाकून पाहू लागला. त्याचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि वाकताना तो टेबलाच्या कडेला आपटला.

"काका, ही बघा यादी. कामगार एक. अमजद शेख."

"आन् मी?"

"तुम्ही मालक."

"तेच म्हणतोय मी. हप्ता मी भरला, पॉलिसीवर नाव माझं, पडलोबी मीच. मग अडतंय कुठं?"

"पॉलिसी तुमची आहे, काका, पण विमा कामगाराचा आहे. कामगाराला कामावर काही झालं, तर मालकाला भरपाई द्यावी लागते. ती कंपनी देते. मालक स्वतःच पडला, तर..."

 शिरूरला विम्याचं दुकान थाटून ऋतिकाला जेमतेम वर्ष झालं होतं. वाईट बातमी सराईतपणे द्यायला ती अजून शिकली नव्हती.

ज्ञानदेवने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. यादीतला तो एकुलता एक कामगार, अमजद, वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसला होता.

दोघं पत्र्याच्या शेडची कामं करत. बावीस वर्षं बरोबर होते. शिरूरपासून दौंडपर्यंत गोठे, कांदाचाळी, गोदामं, मिळेल ते काम घ्यायचं आणि येईल ते निम्मं निम्मं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी रांजणगावच्या एका कारखान्यात छपराचं काम मिळालं तेव्हा गेटवरच्या साहेबाने विचारलं, मालक कोण? दोघंही, असं सांगून भागेना. एकच मालक हवा, बाकीचे कामगार, आणि कामगारांचा विमा हवाच. ज्ञानदेवच्या खिशात त्या दिवशी पॅनकार्ड होतं, अमजदचं घरी राहिलं होतं. एवढ्यावर मालकाची नेमणूक झाली.

"अमजद, तूच सांग की हिला, आपल्यात मालक कोण हाय?"

"मॅडम, आमच्यात मालक न्हाईच कुणी," अमजद म्हणाला. "ते निस्तं गेटपुरतं हाय."

"पण कागदावर आहे ना, काका."

 ऋतिकाने खणातून एक फॉर्म काढला. मालकाने स्वतःसाठी वेगळा अपघात विमा घ्यायचा असतो, म्हणाली. मात्र तो आधी मोडलेल्या हाताला लागू होत नाही, पुढच्यासाठी असतो.

"म्हंजी पहिला हप्ता भरला तो माझा न्हवता," ज्ञानदेव म्हणाला, "आन् आता दुसरा भरायचा, तो ह्या हाताचा न्हाई."

यात चुकीचं काही नव्हतं. ऋतिकाने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. ज्ञानदेवने फॉर्म घडी घालून खिशात कोंबला. तो भरायचा नाही हे त्याने जिना उतरतानाच ठरवून टाकलं.

घरी बायकोने, चांगुणाने, विचारलं, काय म्हणाली बाई? त्याने तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळंच काहीतरी बाहेर पडलं. हात दोन महिने बंद राहणार होता, तोवर घर कशावर चालवायचं या घोरात ती आधीच होती. भाकरी थापता थापता तिने विचारलं,

"म्हंजी तुमच्याऐवजी अमजदभाऊजी पडले असते, तर पैसं मिळालं असतं?"

"तोंड सांभाळून बोल!" तो खेकसला. पण खेकसून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की तिला तेवढं नेमकं कळलं होतं. त्याचं जेवणावरून मन उडालं.

प्लॅस्टर निघाल्यावर पहिलं काम शिक्रापूरला लागलं, एका गोदामाचं. लोखंडी सांगाडा उभा राहिला होता, पत्रे चढवायचे होते. नव्या सांगाड्यावर पहिल्यांदा ज्ञानदेव चढायचा, हा त्यांचा रिवाज. तो अंगाने हलका. पाइपावर पाय रोवून तो वेल्डिंगचा प्रत्येक टाका बघणार, मग अमजद वर येणार. भांडगावच्या गोठ्यावर असंच बघताना टाका सुटला होता आणि ज्ञानदेव खाली पडून त्याचा हात मोडला होता.

डोक्याला पंचा गुंडाळून त्याने वर पाहिलं, तर अमजद सांगाड्यावर पोचलासुद्धा होता.

"आरं, कुठं चाललास? टाकं बघायचं हायेत अजून."

"तेच बघतोय."

"ते माझं काम हाय."

"तू फॉर्म भरलास का?"

 फॉर्म घरी टीव्हीमागे पडला होता.

"मग?" अमजद वरून म्हणाला. "माझं नाव यादीत हाय, तुझं न्हाई. आता मीच चढत जाईन की पहिला."

हे तो इतक्या साधेपणाने बोलला, की ज्ञानदेव शिडीशी येऊन उभा राहिला. बावीस वर्षांत त्याने अमजदला न तपासलेल्या पाइपावर खालून कधी पाहिलंच नव्हतं. अमजदची पन्नाशी उलटली होती. त्याचा उजवा पाय पाइपावर थरथरत होता आणि तो ते लपवायला बघत होता.

ज्ञानदेवने ऋतिकाला फोन लावला.

"पोरी, त्यो फॉर्म आत्ता भरला, तर आत्ताच चालू व्हतो का?"

"आज पैसे भरलेत तर उद्यापासून धरा, काका."

त्याने फोन खिशात टाकला.

"अमजद, खाली ये. आज काम बंद. उद्या मी चढंन."

"गोदामवाला शिव्या घालंल."

"घालू दे."

"आरं, पण मला काय धोका हाय? माझा इन्शुरन्स हाय!"

 विम्याचं ज्ञानदेवला अजूनही काही उमजलं नव्हतं. शिडी मात्र त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि बरा झालेला हात ठणकत होता.

"मालक मी हाय का न्हाई?" तो वर बघून ओरडला. "मालक सांगतोय तुला, उतर!"

 अमजदने पाठमोरं होऊन पाय खाली सोडला. त्याला पायरी सापडेना. ज्ञानदेव दोन पायऱ्या वर चढला, त्याची टाच हातात धरली आणि पायरीवर टेकवली.