निळी जीप नगरला गेलीय

मी जीप बोलतेय. विटकरी रंगाची. रंग आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण रंगावरूनच घडलं. आणि माणसांचं कौतुक ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. माणसांची मला शिसारी आलीय.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. तिथून मी पाटबंधारे खात्यात आले, राखाडी रंगाची, दारावर सरकारी अक्षरं घेऊन. बरीच वर्षं कालव्यांच्या कडेनं धूळ खाल्ली. तेव्हाच एकदा मागं घेताना मी बाभळीला धडकले आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला खड्डा पडला, तळहात मावेल एवढा. तो कुणी काढला नाही. पुढं माझा लिलाव झाला आणि शेवगावजवळच्या एका गावच्या काकासाहेबांनी मला घरी नेलं.

काकासाहेब म्हणजे गावातले पुढारी. पांढरं धोतर, कानात अत्तराचा फाया, आणि तोंडात कायम गुटखा. त्यांनी मला विटकरी रंग दिला. हा रंग कुठल्याच झेंड्याचा नाही, म्हणजे कुणाला राग यायला नको, असा त्यांचा विचार. मला वाटलं, माणूस शहाणा दिसतोय. इंजिन तापलं की माझीही अशी चूक होते.

ते पुढं बसायचे आणि दाराबाहेर पिचकारी मारायचे. वारा असला की ती माझ्याच अंगावर यायची. मागच्या बाकावर त्यांचे कार्यकर्ते. कोंबडीची हाडं बाकाखाली, रिकाम्या बाटल्या पायाशी, आणि तेलकट हात पुसायला माझं रेक्झिन. सकाळी ड्रायव्हर आसाराम बादली घेऊन यायचा आणि नाक दाबून सगळं धुवायचा. माझ्याशी बोलणारा तो एकटाच. ‘आज लई घान केली गं तुझ्यात,’ म्हणायचा. धुतलं तरी तो वास दुपारपर्यंत जायचा नाही, पण खरी घाण पुढंच होती.

सत्त्याण्णव साली निवडणूक लागली. काकासाहेब उभे राहिले. गावाचे भाग तीन : गावठाण, मुसलमानांचा मोहल्ला आणि ओढ्यापलीकडची बौद्धवस्ती. एरवी एकमेकांशी पटो न पटो, तिन्हीकडची मागणी एकच होती. आजारी माणसाला शेवगावच्या दवाखान्यात न्यायला गाडी पाहिजे. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि आजारपण काही एसटीची वेळ बघून येत नाही. काकासाहेबांनी तिन्हीकडं शब्द देऊन टाकला. प्रत्येक भागाला स्वतंत्र गाडी. गाडी होती एकच, ती मी.

मग एके दिवशी मला शेवगावला सुनीलच्या फोटो स्टुडिओसमोर उभं केलं. सुनीलनं बाहेर येऊन माझा आडवा फोटो काढला. काकासाहेब माझ्या बॉनेटवर हात ठेवून असे हसत होते, जणू मी त्यांची पोटची लेक. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा फोटो कॉम्प्युटरवर चढलेला होता. कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच. चपला बाहेर, पंखा फक्त त्या यंत्राकडं वळवलेला. मी काचेबाहेर उभी होते आणि पडदा मला लख्ख दिसत होता.

सुनीलनं उंदरासारखी ती डबी हातात धरली आणि माझ्या कडेकडेनं फिरवली. माझ्याभोवती ठिपक्यांची रेघ चालायला लागली, मुंग्यांची रांग लागावी तशी. टायर सोडले, काचा सोडल्या, काकासाहेबांचा हात सोडला. मग त्यानं एक खुंटी सरकवली आणि माझं अंग बदलायला लागलं. पिवळी झाले, जांभळी झाले, पोपटी झाले. बाहेर माझा पत्रा उन्हात तापत होता, आणि आत कुणीतरी माझी कातडी सोलून नवी चढवत होतं. मला कुणी विचारलं नाही. गाडीला काय विचारायचं?

निळ्यावर खुंटी थांबली. काकासाहेबांनी गुटख्याचं बोट काचेच्या पडद्यावर टेकवलं आणि म्हणाले, अजून गडद, त्यांच्या झेंड्यासारखी. त्यानंतर भगवी केली. त्यानंतर हिरवी. नंबरप्लेटचं काय करायचं, असं सुनीलनं विचारलं, तर तिच्यावर चिखल उडालेला दाखव म्हणाले. तोही दाखवला. खड्ड्याकडं मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही. तो तिन्ही रंगांत जिथल्या तिथं राहिला.

आसाराम दाराशी उभा होता. त्याच्यानं राहवलं नाही. ‘पन गाडी तर एकच हाय की, काकासाहेब.’

‘फोटोत तीन हायत ना? मग झालं,’ काकासाहेब म्हणाले आणि चहा मागवला.

पत्रकं नगरला छापून आली. ‘आपल्या सेवेसाठी आपली गाडी.’ वस्तीत निळी, गावठाणात भगवी, मोहल्ल्यात हिरवी. तुम्ही म्हणाल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? काकासाहेबांना माणसं चांगली ठाऊक होती. प्रत्येक भागात पत्रकं वाटताना ते हळूच सांगायचे, की गाडी फक्त तुम्हालाच आहे, बोभाटा करू नका, नाहीतर बाकीचेही मागतील. मग काय, ज्यानं त्यानं आपलं पत्रक पेटीत लपवलं. शेजाऱ्याला मिळू नये म्हणून माणूस जेवढं गुपित राखतो, तेवढं स्वतःच्या भल्यासाठीही राखत नाही.

वस्तीतल्या भीमराजच्या घरी मात्र ते पत्रक भिंतीवर होतं. भीमराज शेतमजूर, त्याची बायको जयमाला. प्रचाराला गेलो असताना मी त्यांच्या दारात उभी होते. आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जयमालानं पिठाच्या खळीनं निळी जीप चिकटवली होती. त्यांची लेक दीपा पहिलटकरीण, बाळंतपणाला येणार होती. जयमाला आसारामला चहा देताना म्हणाली, ‘आता घोर न्हाई बगा. आपली गाडी हाय.’ आसारामनं चहा अर्धाच पिला. मी तिच्यासमोर उभी होते आणि ती मला ओळखत नव्हती.

काकासाहेब निवडून आले. गुलाल माझ्या फटीफटीत जाऊन बसला. निळ्या गाडीची चौकशी झाली की ते म्हणायचे, नगरला पासिंगला गेलीय. भगवीही पासिंगला आणि हिरवीही पासिंगलाच.

वैशाखातली गोष्ट. लग्नसराई होती. दुपारी काकासाहेब शेवगावला एका लग्नाला निघाले होते आणि मी त्यांच्या अंगणात, लिंबाखाली उभी होते. तेवढ्यात भीमराज सायकल हाणत आला. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. सायकल भिंतीला लावायचंही त्याला सुचलं नाही, ती तशीच पडली.

‘काकासाहेब, दीपा अडलीय. सुईन म्हनती दवाखान्यात न्या. आपली निळी गाडी आली का?’

काकासाहेब फेट्याचा शेमला नीट करत होते. ‘नगरला गेलीय. येईलच दिस कलायच्या आत. बस सावलीला.’

भीमराजनं मान हलवली. लिंबाच्या बुंध्याशी बसायला तो माझ्याजवळून गेला, इतका जवळून की त्याचा श्वास माझ्या पत्र्याला लागला. पण त्यानं मला मागितलं नाही. विटकरी गाडी काकासाहेबांची, आपली निळी. दुसऱ्याची गाडी कशी मागायची? त्या कागदानं त्याला एवढं शिकवलं होतं. मी ओरडायला बघत होते, पण जीपला हॉर्न असतो आणि तो दुसऱ्यानं दाबावा लागतो.

आसारामनं किल्ली फिरवली. माझी बॅटरी त्या दिवसांत उतरलेली असायची. मी खाकरले आणि गप्प झाले. खोटं कशाला सांगू, मला चालू व्हायचंच नव्हतं.

‘भीमराज,’ काकासाहेब आत सीटवर बसूनच म्हणाले, ‘जरा धक्का दे रे.’

तो उठला. मागं येऊन त्यानं एक हात माझ्या मागच्या दांडीवर ठेवला, दुसरा चाकावरच्या पत्र्यावर, आणि अंगातलं सगळं बळ लावून ढकललं. मी दोनदा अडले, तिसऱ्यांदा चालू झाले. हात झटकून तो पुन्हा लिंबाखाली जाऊन बसला, निळ्या गाडीची वाट बघत. आरशात तो बारीक बारीक होत गेला. आसारामही आरशात बघत होता, पण गाडी त्यानं थांबवली नाही. काकासाहेबांनी पिचकारी मारली आणि विचारलं, जेवायला बुंदी आहे का जिलेबी? तेव्हा जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला धुताना आसारामनं सांगितलं. उन्हं कलली तरी गाडी येईना, तेव्हा भीमराजनं बैलगाडी जुंपली होती. दीपा वाचली. बाळ वाटेतच गेलं. मुलगी होती. एवढं सांगून तो बराच वेळ एकच चाक धूत राहिला.

चार दिवसांनी भीमराज आला, चालत. काकासाहेब घरी नव्हते. त्यानं खिशातून भिंतीवरचं ते पत्रक काढलं, मागं खळीचे पोपडे तसेच होते. ते माझ्या बॉनेटवर पसरलं. एकदा फोटोतला खड्डा बघितला, एकदा माझा. मग सायकलच्या कुलपाची किल्ली काढली आणि खड्ड्यातला रंग खरवडायला लागला. सावकाश, भाजीची साल काढावी तसा. विटकरीखाली राखाडी निघाला. राखाडीखाली लोखंड. आसाराम बादली घेऊन उभा होता. त्यानं अडवलं नाही.

भीमराजनं तळहात त्या खड्ड्यावर ठेवला. बरोबर मावला.

‘ढकलताना माझा हात हितंच हुता,’ तो म्हणाला.

पत्रक तसंच ठेवून तो निघून गेला. आसारामनं बादली माझ्यावर ओतली, माझी किल्ली पत्रकावर ठेवली आणि तोही गेला, तो पुन्हा आला नाही. काकासाहेबांना संध्याकाळी दोन्ही गोष्टी कळल्या. ते म्हणाले, ड्रायव्हर दुसरा बघा आणि तेवढ्या खड्ड्याला रंग मारून घ्या.

रंग मारला. टिकला नाही. पावसाळ्यात तिथून गंज धरला आणि आता तो अंगभर पसरलाय. काकासाहेबांनी नवी पांढरी गाडी घेतली. मी शेवगावच्या रस्त्याला, एका भंगारवाल्याच्या कुंपणाला टेकून पडलेय. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. त्यांचा त्रास नाही, त्या निदान जे खातात ते लपवत नाहीत. परवा भंगारवाल्याकडं कुणी सांगत होतं, की सुनीलनं आता नवं यंत्र आणलंय, त्यात गाडी नसली तरी गाडी दाखवता येते. मला उरलासुरला गंजही ओकून टाकावासा वाटला.

आता मला कापतील आणि किलोवर विकतील. विकू देत. या वाटेनं आलात तर माझा रंग कोणता होता म्हणून विचारू नका. मागच्या चाकावरच्या पत्र्याला खड्डा आहे, त्यावर तळहात ठेवून बघा. आणि पुन्हा कधी कुणी ‘जरा धक्का दे रे’ म्हणालं, तर हात लावण्याआधी एवढं बघा, की आत कोण बसलंय आणि बाहेर कोण राहिलंय.