तांडेलाची हाक

आठवडाभर दीपेशनं घरात गाड्यांचाच रतीब घातला होता. पांढरी सीएनजीवाली किलोला सव्वीस किलोमीटर धावते, पण डिकीत सिलिंडर बसला की पाहुण्यांच्या बॅगा काय डोक्यावर घ्यायच्या? लाल टर्बो पेट्रोल पिते जरा जास्त, पण ताकद बघा, सहा एअरबॅग बघा, सनरूफ बघा! मांडव्याच्या जेट्टीवर उतरणाऱ्या मुंबईकरांना रिसॉर्टवर सोडायचं, हा त्याचा बेत. त्याचा बाप, होडीचा तांडेल रतन, जेवताना सगळं मुकाट ऐकायचा. त्याच्या लेखी दोन्ही गाड्या सारख्याच, कारण कुठलीही आली तरी तिच्या पैशांसाठी होडी जाणार होती. थळच्या गुणाजीशी विक्रीचं बोलणं झालं होतं. आणि होडी गेली की तांडेल कसला नि काय कसला, नुसता म्हातारा.

त्या दिवशी बापलेक अलिबागच्या शोरूममध्ये गेले. आधी पांढरी कार्ले खिंडीत चढवली. एसी लावल्याबरोबर ती दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली, तसं रतनला मनातून बरं वाटलं. मग लाल काढली, आणि ती मेली एसी लावूनही सरसर चढून गेली.

"बघितलंस, बा? बोल की काहीतरी."

"हाय चांगली," रतन म्हणाला. चांगलीला वाईट कशी म्हणणार?

"चल, होडीला दाखवून आणू."

घरात नवं काही घ्यायचं ठरलं की आधी ते होडीला दाखवायचं, ही त्यांच्या घरची रीत. मिक्सरसुद्धा तिच्या पुढच्या टोकाला, नाळेला, टेकवून मगच घरात गेला होता. मागे बसलेल्या शोरूमच्या पियूषनं घड्याळ बघितलं, पण गिऱ्हाईक पक्कं होतंय म्हटल्यावर तोही तयार झाला. जिला विकायला निघालास तिलाच दाखवतोस होय रे, असं रतनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

रेवदंड्याला दीपेशनं गाडी सरळ किनाऱ्यावर उतरवली. त्यात नवल काही नाही, ओहोटीला म्हावऱ्याचे टेम्पो वाळूवरून थेट होड्यांपर्यंत जातातच. पण यंदा पावसाळ्यात खाडीचं तोंड सरकलं आणि जुन्या वाटेवर रुपण झालं. वरून सपाट वाळू, खाली माणूस गिळणारा चिखल. टेम्पोवाले आता उजवीकडून वळसा घेत. कंपनीत नोकरीला जाणाऱ्या दीपेशला हे कुठलं ठाऊक? तो जुन्या वाटेनं निघाला.

रतनला ते लांबूनच दिसलं. होडीपुढं पाण्याखाली वाळू दिसली की हाक द्यायची, हा तांडेलाचा पहिला धर्म. उभ्या जन्मात तो कधी चुकला नव्हता. आताही हाक गळ्यापर्यंत आली. मग त्याच्या मनात आलं, फसू दे. एकदा फसली की घरात पुन्हा गाडीचं नाव निघणार नाही. आणि त्यानं हाक गिळली.

गाडीचं तोंड धप्पकन खाली बसलं.

"काय न्हाय, निघंल आता," म्हणत दीपेशनं पाय दाबला. होडी वाळूला लागली की मशीन वाढवायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी पोटापर्यंत रुतली. समोर पिवळे दिवे लुकलुकले, कसलीशी शिट्टी वाजायला लागली. खिंडीत मिरवलेली सगळी ताकद खड्डा खणायला कामी आली.

त्यात पुनवेची भरती लागलेली. बघता बघता पुढच्या चाकांना पाणी लागलं.

"काका, गाडी शोरूमची आहे हो! माझी नोकरी जाईल!" पियूष रडवेला झाला.

दीपेश गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसत होता. उपसावी तेवढी लाटेबरोबर परत येत होती. "बा! सांग ना काय करू!"

सहा वर्षांचा असताना तो होडीतून पडला होता, तेव्हा याच आवाजात ओरडला होता. त्या वेळी रतननं मागचापुढचा विचार न करता उडी टाकली होती. आज तो विचार करत उभा होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

"हात काढ आधी!" रतन गरजला. "चाकांची हवा सोडा! अगं किशोरी, फळ्या आण! दोर आण!"

वाळत घातलेले बोंबील तसेच टाकून त्याची बायको धावली, तिच्यामागून किनाऱ्यावरची माणसं धावली. होडी ओढायच्या फळ्या चाकांखाली सारल्या, मागं दोर बांधला. दीपेश आत बसला. "रिव्हर्स टाक, पाय नुसता टेकव!" पहिल्या ओढीला गाडी ढिम्म हलली नाही. लाट येऊन पुढच्या जाळीवर फुटली. दोर करकरला, माणसं गुडघ्यापर्यंत चिखलात गेली, कुणीतरी आईवरून शिवी दिली, आणि अखेर गाडी इंच इंच मागं सरकत कोरड्या वाळूवर आली. पियूष तिथंच मटकन बसला.

दीपेश खाली उतरला तो थेट बापाच्या गळ्यातच पडला.

"बा, तू व्हतास म्हणून. होडी न्हाय विकायची. गुणाजीला आजच न्हाय म्हणून सांगतो."

आठवडाभर जे ऐकायला रतनचे कान आसुसले होते, तेच शब्द. नुसती मान हलवायची, की झालं. किशोरी पदरानं तोंड पुसत हसत होती.

"मला रुपण दिसलं व्हतं," रतन म्हणाला.

"कवा?"

"गाडी रुतायच्या आधी. दिसलं, तरी हाक दिली न्हाय. मंग तांडेल कसला मी?"

दीपेशचे हात बापाच्या गळ्यातून सुटले. रतननं कनवटीची चावी काढली, होडीच्या मशीनची, आणि ती त्याच्या चिखलानं भरलेल्या मुठीत ठेवली.

"गुणाजीला बोलाव," तो म्हणाला. "आणि लालच घे. खिंडीत बरी चढली."