द्वारकाबाईंचा तांबडा फ्रिज

द्वारकाबाईंनी पदराची चौघडी केली, ती दोन्ही डोळ्यांवर धरली आणि त्या दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. समोर पांढऱ्या भिंतीला लागून फ्रिजची रांग होती. पदर एकेरी होता तेव्हा त्यातून सगळेच फ्रिज दिसले होते. दुहेरी केल्यावर पांढरा गेला, पाठोपाठ रुपेरी गेला. आता चौघडीतून निळाही विरला. काळा दिसत होता, पण तो फ्रिज आहे की उघडं दार, हे काही केल्या कळेना. राहिला एकच. तांबडा.

"अरे मावशी, रोते कायकू?" सेल्समन घाबरून पुढे आला. "पसंद नहीं आया तो दुसरा दिखाता ना!"

"रडतंय कोण? बघायले मी," द्वारकाबाई पदराआडूनच म्हणाल्या.

असं बघणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नसावं. त्यानं बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथनं आईकडे पाहिलं आणि मग तो छताकडे पाहू लागला. शेंद्र्याच्या कारखान्यात हाताखालच्या माणसांना धाकात ठेवणारा हा सुपरवायझर आई आणि बायको एका जागी आल्या की नेहमी छताकडेच पाहत असे.

"झालं," द्वारकाबाईंनी पदर खाली सोडला. "ह्यो तांबडा घ्यायचा."

आणि तिथून वादाला तोंड फुटलं.

त्याचं असं होतं की बद्रीनाथनं मुकुंदवाडी स्टेशनजवळची जुनी जागा सोडून नवा फ्लॅट घेतला होता, आणि त्यातलं स्वयंपाकघर त्याच्या बायकोनं, गोदावरीनं, आपल्या मनासारखं करून घेतलं होतं. गोदावरी गंगापूरची. पतसंस्थेत नोकरीला. तिला फिके रंग आवडत. तिचे ड्रेस सगळे राखाडी, नाहीतर सायीच्या रंगाचे. कुणाच्या आहेरात पिवळी साडी आली तर घडी न मोडता ती पुढच्या आहेरात जायची. तिनं टाइल्स पांढऱ्या घेतल्या, कपाटं पांढरी केली, ओटा पांढरा, पायाखालची फरशीसुद्धा पांढरी. द्वारकाबाई पहिल्यांदा त्या खोलीत शिरल्या तेव्हा त्यांना दह्याच्या गाडग्यात उतरल्यासारखं वाटलं. ओटा कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते, ते त्यांनी हातानं चाचपून पाहिलं होतं. वर हसून म्हणाल्या होत्या, "लई झाक झालंय."

खरी गोष्ट वेगळीच होती. द्वारकाबाईंची नजर चालली होती. भजनाला जाते म्हणून सांगून त्या एकट्याच रिक्षानं घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि समजावून सांगितलं, की डोळ्याच्या आतला पडदा झिजत चाललाय, औषधानं जाणं लांबेल, थांबणार नाही. "फिके रंग आधी जातील, आजी. ठळक असतील ते शेवटपर्यंत राहतील." द्वारकाबाईंनी तेवढंच वाक्य पदरात बांधून घरी आणलं. आजची नजर म्हणजे एकेरी पदर. पुढंमागं ती दुहेरी होणार, मग चौघडी. आज चौघडीतून जे दिसेल, ते त्या दिवशीही दिसेल. हे गणित त्यांचं त्यांनीच बसवलं होतं.

घरात त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं आणि काढणारही नव्हत्या. त्याला कारण भागूबाई. पिशोरची त्यांची थोरली जाऊ. गावजेवणाचा स्वयंपाक एकटीच्या अंगावर घेणारी बाई. तिची नजर गेली आणि लेकांनी तिला ओसरीत बाजेवर नेऊन बसवलं. पोरं वाईट नव्हती, तेच तर वाईट झालं. वेळच्या वेळी ताट हातात, चहा हातात. "आई, तू आता काही करू नको." कालवणात मीठ किती घालू, हेसुद्धा तिला कुणी विचारीना. द्वारकाबाई भेटायला गेल्या तेव्हा भागूबाईनं त्यांचा हात धरून हळूच विचारलं होतं, "चुलीवर काय शिजायलंय गं आज? वासावरून कळंना मला." पुढं पुढं ती बाई बोलायचीच बंद झाली.

द्वारकाबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं, डोळे जायचे तर जाऊ देत, पण चुलीपासून आपल्याला कुणी उठवता कामा नये. नवरा गेल्यावर त्यांनी चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या पोरांचे डबे करून बद्रीनाथला वाढवलं होतं. त्यांच्या येसराच्या आमटीसाठी सुट्टीच्या दिवशीसुद्धा पोरं दारात यायची. ती आमटी करायची म्हणजे स्वयंपाकघरात वावरता आलं पाहिजे, आणि वावरायचं म्हणजे त्या पांढऱ्या समुद्रात नजर टेकायला एक तरी खूण पाहिजे. फ्रिज तांबडा असला की त्याच्या उजवीकडे ओटा, डावीकडे दार. मग बाकी सगळं हात शोधून काढतील.

पण हे बोलायची सोय नव्हती. म्हणून त्या नुसत्याच हटून बसल्या.

"आत्या, लाल नको ना," गोदावरी म्हणाली. तिचा आवाज गोड होता, पण मागे सरणारी तीही नव्हती. "आपण काय रोज रोज फ्रिज घेणार का? टिकणारा रंग बघावा. मागं सगळ्यांनी ते फुलाफुलाचे मरून रंगाचे फ्रिज घेतले. आता त्यांच्याकडं बघू वाटत नाही. त्याच्याआधी पोपटी ऑइलपेंटची फॅशन होती, मग चॉकलेटी आली. सिल्व्हरचं तसं नाही. उद्या भिंती कशाही रंगवा, तो कशातही खपून जातो."

"खपून जातो, तेच नको मला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मंजे?"

"मंजे काय? फ्रिज हाये तर दिसला पायजे. त्यो काय चोर हाये का, भिंतीत लपून बसायला?"

सेल्समन फिस्सकन हसला. बद्रीनाथनं छतावरून नजर खाली आणली. "आई, अगं त्या पांढऱ्यात ह्यो आगीचा बंब उभा केल्यावानी दिसंल. चार लोक हसतील."

"हसू दे. हसून हसून दमतील आन् पाणी प्यायला फ्रिजकडंच येतील."

"पण कारण तर सांग. देवाचं काही हाये का? कुणी सांगितलं का लाल घ्या म्हणून?"

द्वारकाबाईंना क्षणभर मोह झाला. देवीचं नाव घेतलं असतं तर बद्रीनाथ लगेच गप बसला असता. पण देवीला खोट्यात ओढायचं त्यांच्या जिवावर आलं. "माझी पसंती हाये. एवढ्या वर्सांत म्या कवा काई मागितलंय तुला? लग्नातली भांडी सासूनं घेतली, जुन्या घराचा रंग घरमालकानं दिला, नव्या घराचा हिनं दिला. एक वस्तू माझ्या मनाची येऊ दे."

एवढं बोलून त्या जवळच्या एका खोक्यावर बसल्या. बसल्या म्हणजे बसल्याच. "तांबडा टेम्पोत चढला की मी उठन."

त्यांचा आवाज कापला होता. पण तो रागानं कापला असं सगळ्यांना वाटलं, हे एक बरं झालं.

बद्रीनाथ सेल्समनला घेऊन काउंटरकडे गेला. रुपेरी फ्रिजचं बोलणं एकदा करून ठेवावं, आई घरी गेल्यावर शांत होईल, असा त्याचा बेत होता. द्वारकाबाईंना तो बेत इथूनही कळला. लेक त्यांचाच होता. आता गोदावरीलाच आपल्या बाजूला ओढायला हवं, असं त्यांनी मनाशी घेतलं. सून हट्टी असली तरी आतून मऊ आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्या खोक्यावरून उठल्या. गोदावरी डाव्या बाजूला उभी होती. राखाडी ड्रेस, मान खाली, रुसल्यासारखी.

"गोदे," त्या तिच्याजवळ जाऊन समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "रागावली का माझ्यावर? हे बघ, सगळं घर तू केलंस, म्या एका शब्दानं बोलले का? चांगलंच केलंस तू. पण एवढं एक माझं ऐक. बद्रीला तू सांगितलं तर त्यो ऐकतो. बोल की गं. अशी गप नको राहू."

गोदावरी बोलेना.

"आत्या," मागून आवाज आला. "मी इथं हाये."

द्वारकाबाईंनी हात पुढे केला. बोटांना गुळगुळीत प्लास्टिक लागलं. राखाडी कागदात गुंडाळलेलं, खोक्यातून काढून उभं केलेलं कसलं तरी मशीन होतं ते. पण बाई खमकी. हात मागे न घेता त्यांनी त्या मशीनवर दोनदा थापटलं.

"माहितीये मला. ह्याचा पत्रा बघत होते. जाड हाये," त्या म्हणाल्या.

द्वारकाबाईंना गोदावरीचा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक फिकट आकार दिसत होता. त्या आकारानं आपली ओढणी वर उचलली, तिची घडी घातली, तोंडापाशी नेली, आणि तसाच फ्रिजच्या रांगेकडे तोंड करून उभा राहिला. घाम पुसत असेल, असं द्वारकाबाईंना वाटलं. दुकानात उकडतही होतं.

मग चपलांचा आवाज काउंटरकडे गेला.

"लालच घ्या," गोदावरी नवऱ्याला म्हणाली.

"आगं, आत्ता तर तू..."

"मघाचं मघाशी गेलं. आता मला लाल पसंत हाये. मिक्सर पण ह्यो राखाडी नको, त्यो नारिंगी काढा. आन् दादा," हे सेल्समनला, "पाण्याचं फिल्टर निळ्याशार टाकीचं हाये ना, ते दाखवा. पांढरं नको."

"आगं, झालं काय तुला?" बद्रीनाथ म्हणाला.

"तुमी पावती फाडा," गोदावरी म्हणाली, आणि ती सासूकडे परत आली.

घरी येताना रिक्षात सासू-सून शेजारी बसल्या होत्या. गोदावरीनं द्वारकाबाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि सबंध जालना रोड तो सोडला नाही. एकदम लाल का, हे द्वारकाबाईंनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर भागूबाईची बाज आली असती. एवढं दोघींनाही कळत होतं.

तांबडा फ्रिज आला आणि बद्रीनाथ म्हणाला होता तसंच झालं. वास्तुशांतीला आलेली माणसं हसली. गोदावरीच्या पतसंस्थेतल्या मैत्रिणींनी तिला बाजूला घेऊन, हे कुणी सुचवलं म्हणून विचारलं. "मीच," गोदावरीनं सांगितलं, "आमच्या घरात टिकणारा रंग हाच हाये." पुढं पांढऱ्या स्वयंपाकघरांची हौस फिटली, हिरवट कपाटांची आली. मैत्रिणींनी आपापली दारं बदलली. गोदावरीकडेही एक कारागीर मोजमाप घ्यायला आला होता, त्याला तिनं चहा पाजून परत पाठवलं. फ्रिजची जागा वीतभरही हलली नाही. साफसफाईला ओढला तर संध्याकाळपर्यंत होता तिथंच परत.

द्वारकाबाईंचं स्वयंपाक करणं चालूच राहिलं. पदर दुहेरी झाला, पुढं चौघडीही झाली. रुपेरी नळ गेला, नारिंगी मिक्सर मळकट झाला, फिल्टरची निळी टाकी नाहीशी झाली. तांबडं मात्र होतं. कडा पुसट झालेलं, पण होतं. त्याच्या उजवीकडे ओटा, डावीकडे दार.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी येसर भाजायला घेतलं. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं. भाजलेलं कधी उतरवायचं ते त्यांना नाकानं कळत होतं. आमटीला उकळी आली, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. तांबड्याच्या शेजारी एक पिवळं उभं होतं. लखलखीत, झेंडूसारखं पिवळं. मग त्यांच्या ध्यानात आलं की हे पिवळं काल तिथं होतं, परवाही होतं. बरेच दिवस होतं.

"गोदे?"

"काय आत्या?"

"तुला तर पिवळ्याचा लई राग होता."

"आता नाय."

"कवापासनं?"

"फ्रिज घेतला तवापासनं," ती म्हणाली.

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. ते निदान त्या कामाचे अजून धड होते. पदर वर न्यावासा वाटला, पण त्यांनी नेला नाही. पळी आमटीत बुडवली, फुंकून तळहातावर थेंब घेतला आणि चव पाहिली.

"मीठ आणखीन लागंल का, आत्या?" गोदावरीनं विचारलं.

"लागंल. चिमूटभर आण."

पिवळं हललं, तांबड्याच्या पुढून गेलं, आणि पुन्हा त्यांच्याजवळ येऊन उभं राहिलं. द्वारकाबाईंनी हात पुढे केला.