मास्तरांचं माप

दुकान बंद करून मास्तरांना सहा वर्षं झाली होती, पण शिलाई मशीन काही त्यांनी सोडलं नव्हतं. ते वरच्या खोलीत खिडकीपाशी होतं. सकाळचा चहा झाला की मास्तर जिना चढून त्याच्यापुढे बसत. कुणाचा पडदा आखूड कर, कुणाची चेन बदल, आणि काहीच नसलं तर स्वतःसाठी एक विजार शिव. या खोलीवर त्यांचा जीव होता, आणि नेमकी तीच आता सुटायची वेळ आली होती.

झालं असं, की महिन्याभरात मास्तर जिन्यात दोनदा अडखळले. पहिल्यांदा गुडघा सोलवटला, दुसऱ्यांदा मनगट सुजलं. त्यांचा मुलगा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. शेकडो कामगारांना तो धडधाकट घरी पाठवायचा आणि इकडे त्याचा बापच पडत होता. एका रविवारी येऊन त्याने घराचाच कारखाना करून टाकला. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या, वर डोळे दिपवणारा दिवा. सतरंजी गेली, मास्तरांच्या लाडक्या सपाता गेल्या आणि रबरी तळाचे बूट आले.

"आता पुन्हा अडखळलात, तर मशीन खाली येणार," तो जाताना म्हणाला.

"खाली जागा कुठंय?"

"मग ते घरातूनच जाईल, बाबा."

मास्तर दोन दिवस धड जेवले नाहीत.

आणि चौथ्या दिवशी, लख्ख उजेडात, पिवळ्या पट्टीवरच त्यांचा पाय अडकला. कठडा हाती लागला म्हणून निभावलं. मास्तरीणबाई खालून बघत होत्या. त्यांनी धावत जाऊन नवऱ्याला पायरीवर बसवलं, कुठे लागलं नाही ना ते चाचपून पाहिलं आणि मग त्यांची नजर बुटांवर गेली.

"अहो, विजार टाचेखाली येतेय तुमच्या."

"शक्यच नाही. मी शिवलीय ती."

"तेच तर म्हणतेय मी."

मास्तरांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. "लांबी एक्केचाळीस. पाठ आहे मला."

बाईंनी मास्तरांच्याच गळ्यातली टेप काढली, त्यांना सरळ उभं केलं आणि कमरेपासून टाचेपर्यंत धरली. साडेएकोणचाळीस.

"टेप ताणलीय," मास्तर म्हणाले. "जुनी टेप माप कमीच दाखवते."

मग लाकडी पट्टी आली. पट्टीही साडेएकोणचाळीसच म्हणाली.

मास्तर मटकन खाली बसले. पोट ओसरलं होतं, विजार कमरेवरून खाली उतरली होती, पाठीला बाक आला होता, आणि यातलं त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. जुन्या मापावर कपडा शिवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी चाळीस वर्षं एकच उत्तर दिलं होतं, "माणूस बदलतो साहेब, सरळ उभे राहा." स्वतःला मात्र त्यांनी एकदाही उभं केलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, लाजही वाटली. मग बाईंकडे बघता बघता त्यांना हसू फुटलं.

"पोराला सांगू नकोस."

"मी नाहीच सांगणार. तुम्ही सांगायचं."

रविवारी मास्तरांनी सगळं सांगितलं, तिसऱ्यांदा अडखळल्याचंसुद्धा. मुलाने वाकून त्यांच्या विजारीची किनार तपासली.

"माझ्या धोक्यांच्या यादीत विजार नव्हती," तो म्हणाला.

"कठडा होता म्हणून वाचलो, तेही लिही यादीत."

मुलाने त्यांना तीन वेळा जिना चढउतार करायला लावलं. आखूड केलेली विजार घोट्यावर नीट बसत होती, हात कठड्यावर होता. तिसऱ्या फेरीला मुलगाही त्यांच्या मागोमाग वर आला आणि मशीनच्या शेजारी स्टुलावर बसला. मशीन कुठेच जाणार नव्हतं.

मास्तरांनी मापांची जुनी वही काढली. पहिल्याच पानावर त्यांचं स्वतःचं माप होतं, ऐन उमेदीतलं. त्यावर रेघ मारून त्यांनी खाली साडेएकोणचाळीस लिहिलं, तारीख घातली आणि बाकीचं सगळं पान कोरं सोडून वही मिटली.

"एवढी जागा कशाला सोडलीत?" मुलाने विचारलं.

"अरे, आता दरवर्षी माप घ्यायचं ना," मास्तर म्हणाले. "पान भरायला पाहिजे."