जन्माचा फासा

मिनल खापरखेड्याहून बसनं धक्के खात धरमपेठेत पियुषच्या घरी पोचली, ती खुशीत. ‘रानवाट’ हा खेळ दोघांनी मिळून रचलेला. टेबलाभोवती बसायचं, एकेकानं एकेक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. आठ वर्षांची मेहनत! आज दुसऱ्या आवृत्तीचे नियम ठरायचे होते. मुखपृष्ठावर दोघांची नावंही चढली होती. पण पियुषचा नवा नियम वाचला नि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आजवर खेळाडूनं फक्त आपल्या पात्राचं काम सांगायचं, कूळ कुणी विचारायचं नाही. ही रीत मिनलनंच पाडलेली. आता म्हणे, आधी फासा टाका. सहा पडले तर राजकुळ, बुद्धी जास्त. एक पडला तर झाडूकुळ, बुद्धी कमी, सहनशक्ती वाढीव. आणि हा फासा एकदाच टाकायचा!

"हे काय लिहून ठेवलं गा?"

"अगं, सहनशक्ती वाढवून दिली ना!" पियुष शाबासकी मिळेल अशा तोऱ्यात म्हणाला. "मान दिलाय त्यांना."

"चुलीत घाल तुझा मान!" मिनलनं कागद आपटला. "सोसायचं बक्षीस देऊन राहिला तू? माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, हे सारं फेकून दिलं. अन् तू तेच उचलून छापून राहिला?"

"खेळ आहे यार! विदेशी खेळांतही असतं. यात जात कशाला आणतेस?"

"मी आणली?" मिनल ताडकन उठली.

"भांडू नका बे," नेहमी सोबत खेळणारा स्वानंद मध्ये पडला. "एक डाव खेळून पाहू, मग ठरवू."

पियुषनं फासा टाकला. एक.

"छे, हा ट्रायल होता," म्हणत त्यानं पुन्हा टाकला. तीन. तोही उचलला. मग सहा पडले. "राजकुळ!" तो ओरडला नि लिहूनही मोकळा झाला.

स्वानंदनं मान खाली घातली.

"तीनदा जन्मला तू," मिनल म्हणाली. "माझ्या पात्राले ही मुभा कोणत्या पानावर आहे, दाखव मले."

आणि हा शहाणा खरंच पानं चाळू लागला! मिनलनं पेन उचलला. मुखपृष्ठावरचं आपलं नाव तिनं खोडून टाकलं.