करिंथकरांनी ऐकलं होतं

“त्या पेत्राच्या चाव्यांचं मागनं सांगा. आदी कोटाचं बटन लावा,” अंबूबाई नवऱ्याला म्हणाली.

सयाजी आवळेने बटण लावलं. तो नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून. उचगावकडून येणाऱ्या गाड्यांच्या पावत्या फाडण्यात दिवस जाई. पण मायदेशी परतलेल्या एका मिशनरीने दिलेली जुनी इंग्रजी पुस्तकं त्याने शब्दकोश उघडून बारा वर्षं वाचली होती. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्या, त्यांची भांडणं, त्यांची पत्रं त्याला तोंडपाठ. म्हणूनच १९६९ साली कॅथलिक फादरांशी जाहीर वाद ठरला, तेव्हा प्रॉटेस्टंटांच्या बाजूने पाळक जोतीरामांनी त्यालाच उभं केलं. विषय एकच: त्या मंडळ्यांवर रोमच्या बिशपाची, म्हणजे पोपची, हुकमत होती की नव्हती?

शाळेचा हॉल गच्च भरला होता. सयाजी चांगला बोलला. येशूने स्वर्गाच्या चाव्या ज्याला दिल्या तो शिष्य पेत्र रोमला गेला, मान्य. पण त्याने आपल्या गादीवर कुणाला बसवल्याचं शास्त्रात कुठे आहे? टाळ्या पडल्या.

मग फादर उठले. “ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीनं आपले निर्दोष कारभारी, म्हणजे वडील, पदावरून काढले. त्यांना परत घ्या, असं पत्र रोमहून गेलं. खरं का?”

“खरं. पर पत्र रोमच्या मंडळीच्या नावानं हाय. बिशपाचं नाव त्यात न्हाय.”

“आणि करिंथकरांनी ते ऐकलं का?”

‘ठाऊक नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. फादरांनाही उत्तर माहीत नसावं. पहिल्या रांगेतून पाळक ‘नाही म्हण’ अशी मान हलवत होते. सयाजीने पाण्याचा घोट घेतला.

“ऐकलं असनार. सत्तर-पंचाहत्तर वर्सांनीबी करिंथात ते रविवारी वाचत हुते, असं लिवलंय. पर मानलं म्हंजे हुकूम हुता असं...”

पुढचं गलक्यात बुडालं.

बाहेर पाळकांनी त्याला गाठलं. “तुला कुणी सांगितलंतं एवढं बोलायला?”

“फादरनं इचारलं की.”

महिन्याभरात त्याचं वडीलपद गेलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पाच वडिलांपैकी तो एक होता. ठरावात कारण लिहिलं होतं, प्रकृती.

“तुमची प्रकृती?” अंबूबाई कडाडली. “लिवा की आता रोमला पत्र!”

सयाजी मोठ्याने हसला. मग जेवायला बसला आणि अर्ध्या भाकरीवर उठला.

एके दिवशी फादर सायकल घेऊन नाक्यावर आले. “आवळे, माझ्यामुळं झालं हे.”

“पुस्तकात लिवलंय, फादर. त्याला तुमी काय करनार?” सयाजीने पुढच्या ट्रकची पावती फाडली. “वाचायला पायजे का?”

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता. भाकरीचं ताट बाकाबाकांवरून फिरवणं हे वडिलांचं काम. सयाजीने ते सतरा वर्षं केलं होतं. आज त्याच्या जागी निवडलेला ज्ञानू कांबळे ताट घेऊन आला. पहिलीच वेळ. ताट कललं. सयाजीने खालून एक हात लावला, ते सरळ केलं, आपला तुकडा उचलला आणि ताट अंबूबाईकडे सरकवलं.